मोटारीच्या ब्रेक-डिस्कचे बदलते रूप आणि निवडीचा प्रश्न : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मोटारीचा इतिहास बहुधा वेगाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. इंजिनाची शक्ती, शर्यतींतील उच्चांक आणि नवनवीन नमुने यांची नोंद तपशिलाने ठेवली जाते. मात्र तो वेग आवरणाऱ्या साधनांकडे इतिहासकारांचे लक्ष तुलनेने कमी गेले आहे. वास्तविक जी मोटार खात्रीने थांबवता येत नाही, ती वेगाने चालवताही येत नाही. म्हणूनच ब्रेकचा विकास हा वेगाच्या विकासाची पूर्वअट ठरतो.

आजच्या बहुसंख्य मोटारींच्या पुढच्या चाकांत डिस्क ब्रेक असतो. चाकाबरोबर फिरणारी बिडाची तबकडी म्हणजे डिस्क किंवा रोटर आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे पॅड अशी त्याची स्थूल रचना होय. ही डिस्क झिजणारी असल्याने ती कधी ना कधी बदलावी लागते. अशा वेळी सुट्या भागांच्या बाजारात ग्राहकासमोर चार प्रकार येतात : भरीव सपाट डिस्क; दोन थरांमध्ये हवेसाठी पोकळी असलेली व्हेंटिलेटेड डिस्क; आरपार छिद्रे पाडलेली ड्रिल्ड डिस्क; आणि पृष्ठभागावर खाचा असलेली स्लॉटेड डिस्क. छिद्रे व खाचा एकत्र असलेली डिस्कही मिळते. छिद्रांची डिस्क दिसायला आकर्षक आणि शर्यतीच्या मोटारीची आठवण करून देणारी असल्याने ती इतरांपेक्षा सरस असावी, असा समज सर्वत्र आढळतो.

या समजाला कितपत आधार आहे, याचे उत्तर केवळ तांत्रिक तुलनेतून मिळत नाही. प्रत्येक रूप कोणत्या काळात, कोणत्या अडचणीवर उपाय म्हणून पुढे आले आणि ती अडचण आज कितपत शिल्लक आहे, हे पाहावे लागते. हा प्रश्न रस्त्यावरील माणसांच्या जिवाशी निगडित असल्याने त्याचे महत्त्व केवळ हौसेपुरते मर्यादित राहत नाही.

उद्दिष्टे

१. डिस्क ब्रेकच्या उदयाचा व प्रसाराचा ऐतिहासिक आढावा घेणे.
२. डिस्कच्या विविध रूपांमागील मूळ कारणांचा शोध घेणे.
३. ही कारणे आजच्या रस्त्यावरील मोटारीला कितपत लागू पडतात, याची चिकित्सा करणे.

डिस्क ब्रेकचा उदय : १९०२ ते १९५०

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथील अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याने १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये लुई रेनॉ याने ड्रम ब्रेकची रचना पुढे आणली. म्हणजे या दोन्ही पद्धती जवळजवळ जुळ्या भावंडांसारख्या जन्मल्या. परंतु पुढील अर्धशतक ड्रम ब्रेकचेच राहिले. लँचेस्टरच्या रचनेत धातूवर धातू घासला जाई. त्यामुळे कर्कश आवाज होई आणि धुळीच्या रस्त्यांवर झीजही लवकर होई. त्या तुलनेत ड्रम ब्रेक बंदिस्त असल्याने धूळ व चिखल यांपासून बराचसा सुरक्षित होता.

घर्षणासाठी योग्य पदार्थ मिळेपर्यंत डिस्कची कल्पना मागे पडणे स्वाभाविक होते. डर्बीशायरमधील हर्बर्ट फ्रूड याने १८९७ मध्ये सुरू केलेल्या उद्योगातून पुढे अॅस्बेस्टॉसयुक्त अस्तरे तयार होऊ लागली आणि ‘फेरोडो’ हे नाव ब्रेकच्या अस्तरांशी कायमचे जोडले गेले. घर्षणाच्या पदार्थाचा हा प्रश्न डिस्कच्या रूपाशी किती निकट जोडलेला आहे, हे पुढील विवेचनात स्पष्ट होईल.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांचे वजन व उतरण्याचा वेग वाढला आणि धावपट्टीवर थोडक्या अंतरात थांबण्यासाठी डिस्क ब्रेकचा अवलंब होऊ लागला. युद्धानंतर ही विद्या मोटारीकडे वळली. अमेरिकेतील क्रॉस्ली कंपनीने १९४९ मध्ये आपल्या लहान मोटारींना डिस्क ब्रेक बसवले. परंतु हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर टाकल्या जाणाऱ्या मिठामुळे गंज चढून ते अडकू लागले आणि कंपनीला लवकरच ड्रमकडे परतावे लागले. या फसलेल्या प्रयोगाचा धडा असा की, ब्रेकची योग्यता तो कोणत्या रस्त्यावर व कोणत्या हवामानात वापरला जाणार, यावर अवलंबून असते.

शर्यतीचे मैदान : डिस्कची कसोटी

डनलॉप कंपनीने विमानांसाठी मिळवलेला अनुभव जग्वारच्या मोटारींसाठी वापरला. १९५२ मध्ये फ्रान्समधील रेम्स येथे स्टर्लिंग मॉस याने डिस्क ब्रेक असलेली जग्वार सी-टाइप मोटार चालवून शर्यत जिंकली. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, ल मां येथील चोवीस तासांची शर्यत टोनी रोल्ट व डंकन हॅमिल्टन यांनी त्याच प्रकारच्या मोटारीने ताशी सुमारे १७० किलोमीटर या सरासरी वेगाने जिंकली. ल मांच्या इतिहासात ताशी शंभर मैलांची सरासरी प्रथमच ओलांडली गेली. प्रतिस्पर्धी चालकांना वळणाच्या बरेच अलीकडे वेग कमी करावा लागे, तर जग्वारचा चालक तोच वेग आणखी काही अंतर टिकवू शके.

१९५५ मध्ये याच मैदानावर मर्सिडीज-बेंझच्या ३०० एसएलआर मोटारींना ड्रम ब्रेकच होते. ते पुरेसे पडणार नाहीत हे ओळखून कंपनीने चालकामागे उभारता येणारा एक मोठा हवारोधक पडदा बसवला होता. त्या शर्यतीत झालेल्या अपघातात एक मर्सिडीज प्रेक्षकांत घुसून ८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अपघाताची कारणे अनेक होती आणि त्याचे खापर केवळ ब्रेकवर फोडणे अन्यायाचे ठरेल. तथापि एकाच अरुंद रस्त्यावर वेगवेगळ्या क्षमतेने थांबणाऱ्या मोटारी धावत असल्याची चर्चा त्यानंतर दीर्घकाळ होत राहिली.

त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात सित्रोएनची डीएस ही मोटार सादर झाली. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक असलेली ही मोठ्या प्रमाणावर उत्पादित झालेली पहिली मोटार मानली जाते. शर्यतीतील साधन अशा रीतीने सामान्य कुटुंबाच्या मोटारीत आले.

भरीव डिस्ककडून पोकळ डिस्ककडे

ब्रेक लावणे म्हणजे गतीचे उष्णतेत रूपांतर करणे होय. १२०० किलोग्रॅम वजनाची मोटार ताशी १०० किलोमीटर वेगाने जात असता तिच्या अंगी सुमारे ४६० किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. थांबताना मोटारीचा भार पुढे झुकतो. त्यामुळे यातील साधारण ७० टक्के भाग पुढच्या दोन डिस्क उचलतात असे मानले, तर प्रत्येक डिस्कच्या वाट्याला सुमारे १६० किलोज्यूल उष्णता येते. डिस्कचे वजन पाच किलोग्रॅम धरल्यास एका थांब्यात तिचे सरासरी तापमान ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास वाढेल. ही वाढ सहज सोसण्यासारखी आहे. परंतु उष्णता बाहेर पडण्यास अवधी न देता असे दहा थांबे लागोपाठ घेतले, तर ती ६०० अंशांच्या पुढे जाईल.

या साध्या हिशोबातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एकदाच जोराने थांबायचे असेल, तर डिस्कमध्ये धातू किती आहे हे महत्त्वाचे. पुन्हा पुन्हा थांबायचे असेल, तर ती किती लवकर थंड होते हे महत्त्वाचे. १९६० च्या दशकात मोटारी जड व शक्तिमान झाल्या, तेव्हा दुसऱ्या गरजेतून व्हेंटिलेटेड डिस्क रूढ झाली. दोन थरांमधील पाकळ्यांमुळे फिरणारी डिस्क पंख्याप्रमाणे मध्यभागाकडून हवा ओढून कडेने बाहेर फेकते. १९६५ ची शेव्हरोले कॉर्व्हेट आणि १९६६ मध्ये आलेली पोर्शे ९११ एस यांना अशा डिस्क होत्या. आज बहुतेक मध्यम व मोठ्या मोटारींच्या पुढच्या चाकांत हेच रूप आढळते. या रूपाचे मूळ कारण अद्याप जसेच्या तसे टिकून आहे, हे येथे विशेष लक्षात घ्यावे लागते.

मात्र पोकळ डिस्कलाही मर्यादा होती. १९६६ मध्ये ल मां येथे विजयी ठरलेल्या फोर्ड जीटी-४० या जड मोटारीच्या डिस्क लांब सरळ रस्त्याच्या शेवटी ब्रेक लावताच काही सेकंदांत ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापत व त्यांना तडे जात. चोवीस तास टिकेल अशी डिस्क तयार होईना, तेव्हा फिल रेमिंग्टन या तंत्रज्ञाने शर्यत चालू असतानाच डिस्क झटपट बदलता येईल अशी रचना केली. शर्यतीच्या संघाने डिस्कला एका शर्यतीपुरतीही टिकाऊ वस्तू मानले नाही, ही बाब रस्त्यावरील ग्राहकाने विसरता कामा नये.

छिद्रे आणि खाचा : एका जुन्या प्रश्नाचे उत्तर

छिद्रांच्या डिस्कची कीर्ती प्रामुख्याने पोर्शे ९१७ या मोटारीशी जोडलेली आहे. १९६९ मध्ये अवतरलेल्या या मोटारीने १९७० व १९७१ मध्ये ल मांची शर्यत जिंकली. या मोटारीत छिद्रांच्या डिस्क वापरल्या गेल्या, त्यामागे प्रामुख्याने पुढील कारणे होती.

पहिले कारण वजनाचे. शर्यतीच्या मोटारीत प्रत्येक ग्रॅम मोलाचा असतो आणि चाकाबरोबर फिरणाऱ्या भागाचे वजन घटवणे विशेष लाभदायक ठरते.

दुसरे कारण वायूचे. त्या काळच्या पॅडमधील राळेसारखा बंधक पदार्थ अतिउष्णतेत विघटित होऊन त्यातून वायू बाहेर पडे. हा वायू पॅड व डिस्क यांच्यामध्ये अडकला की घर्षण घटे आणि चालकाने कितीही जोराने पाय दाबला तरी मोटार अपेक्षेप्रमाणे थांबत नसे. छिद्रांमुळे या वायूला वाट मिळे.

तिसरे कारण पावसाचे. ओल्या डिस्कवरील पाण्याचा पातळ थर छिद्रांच्या कडांमुळे लवकर निघून जाई.

१९७८ मध्ये पोर्शेने आपल्या ३.३ लिटर ९११ टर्बो या रस्त्यावरील मोटारीला ९१७ वरून घेतलेले, छिद्रांच्या डिस्क असलेले ब्रेक बसवले आणि शर्यतीचे हे चिन्ह सामान्य माणसाच्या दृष्टीस पडू लागले. चाकांच्या उघड्या रचनेतून दिसणारी छिद्रे ही सामर्थ्याची व प्रतिष्ठेची खूण बनली. अमेरिकेत १९६३ मध्ये स्थापन झालेल्या ‘सेमा’ या संघटनेच्या नावात आरंभी ‘वेगाची साधने’ असाच उल्लेख होता. मोटार स्वतःच्या आवडीनुसार सजवण्याची व सुधारण्याची जी संस्कृती तेथे फोफावली, तिने छिद्रांच्या डिस्कला मोठी बाजारपेठ मिळवून दिली.

याच काळात मूळ कारण मात्र विरळ होत गेले. अॅस्बेस्टॉस आरोग्यास घातक असल्याचे सिद्ध झाल्यावर ब्रिटनने १९९९ मध्ये त्यावर बंदी घातली, युरोपीय संघात २००५ पासून ती सर्वत्र लागू झाली आणि अमेरिकेने २०२४ मध्ये क्रायसोटाइल अॅस्बेस्टॉसविरुद्ध बंदीचा नियम केला. या ओघात पॅडचे पदार्थ बदलले. आधुनिक पॅडमधून वायू निघण्याचे प्रमाण पुष्कळ कमी झाले; अनेक पॅड तर कारखान्यातच तापवून पक्के केले जातात. म्हणजे छिद्रे ज्या प्रश्नाचे उत्तर होती, तो प्रश्न रस्त्यावरील मोटारीपुरता बव्हंशी मिटला. परंतु उत्तर बाजारात कायम राहिले.

या उत्तराची किंमतही विचारात घ्यावी लागते. ३०० मिलिमीटर व्यासाच्या डिस्कवर घासला जाणारा पट्टा १०० मिलिमीटर व्यासांतराचा, म्हणजे आतून २०० मिलिमीटर व्यासाचा, मानला आणि त्यात ६ मिलिमीटरची ६० छिद्रे पाडली, तर पट्ट्याचे सुमारे ४ टक्के क्षेत्र नाहीसे होते. तेवढा धातू घटतो व तेवढ्या प्रमाणात प्रत्येक थांब्याचे तापमान वाढते. छिद्रांच्या आतील भिंतींमुळे हवेशी संपर्क येणारा पृष्ठभाग काहीसा वाढतो, हेही खरे. पण त्याहून गंभीर बाब ताणाची आहे. ताण असलेल्या पत्र्यातील वर्तुळाकार छिद्राच्या कडेला ताण तिपटीपर्यंत वाढतो, हे जर्मन अभियंता किर्श याने १८९८ मध्येच गणिताने दाखवले होते. डिस्क वारंवार तापते व निवते तेव्हा पृष्ठभाग आळीपाळीने दाबला व ताणला जातो. अशा स्थितीत छिद्राच्या कडेपासून बारीक तडे सुरू होतात आणि एका छिद्रापासून दुसऱ्यापर्यंत पसरू शकतात. छिद्रांच्या कडा उतरत्या केल्यास हा धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. बाजारातील साधी डिस्क घेऊन तिला नंतर यंत्रावर छिद्रे पाडणे हा तर सर्वांत अविचारी मार्ग होय.

खाचांची डिस्क हा या दोहोंमधला मार्ग म्हणता येईल. खाच आरपार जात नसल्याने धातू फारसा घटत नाही व तड्यांचा धोका कमी राहतो. खाचेची कड पॅडचा करपलेला थर खरवडून काढते, धूळ व पाणी बाहेर नेते. म्हणूनच बिडाच्या डिस्क वापरणाऱ्या अनेक शर्यतींत छिद्रे मागे पडली आणि खाचा टिकल्या. याच्या मोबदल्यात पॅड लवकर झिजतात व काही वेळा घरघर ऐकू येते. शर्यतीत या दोन्ही गोष्टी नगण्य असतात. रोजच्या प्रवासात त्या जाणवतात.

१९७६ मध्ये ब्रॅबहॅम संघाने फॉर्म्युला वन मध्ये कार्बनच्या डिस्कचे प्रयोग केले. कॉन्कॉर्ड विमानातही कार्बनचे ब्रेक होते. आजच्या फॉर्म्युला वन मोटारींच्या डिस्कमध्ये शेकडो छिद्रे असतात. परंतु ती कडेतून मध्याकडे जाणारी, हवा खेळवणारी छिद्रे होत. पॅड ज्या पृष्ठभागावर घासतो त्यावर ती नसतात. त्यामुळे या डिस्कचा दाखला देऊन बिडाच्या डिस्कवरील आरपार छिद्रांचे समर्थन करणे युक्त ठरत नाही.

रस्त्यावरील मोटार आणि घाटाची वास्तवता

१९७८ मध्ये मर्सिडीज-बेंझने बॉश कंपनीची चाके न अडकू देणारी एबीएस प्रणाली आपल्या मोठ्या मोटारीत उपलब्ध केली. या प्रणालीने एक जुने सत्य पुन्हा अधोरेखित केले. सुस्थितीतील ब्रेक चाक जाम करण्याइतका समर्थ असतोच. त्यानंतर मोटार किती अंतरात थांबेल हे टायर व रस्ता यांच्यातील पकडीवर ठरते. त्यामुळे केवळ डिस्कचे रूप बदलल्याने एका थांब्याचे अंतर लक्षणीय घटेल, ही अपेक्षा निराधार आहे. डिस्कचा खरा कस लागतो तो दीर्घकाळ तापल्यावर.

महाराष्ट्रातील चालकाला या सत्याचा प्रत्यय घाटात येतो. मुंबईत कुर्ला येथे तयार होणारी प्रीमियर पद्मिनी आणि तिची समकालीन अॅम्बॅसिडर या मोटारी दीर्घकाळ ड्रम ब्रेकवर चालल्या. बोरघाटासारख्या उतारावर खालचा गिअर न घालता सतत ब्रेकवर पाय ठेवला की ड्रम तापून ब्रेक मंदावत असे. १२०० किलोग्रॅमची मोटार सुमारे ५०० मीटर खाली उतरते तेव्हा ताशी १०० किलोमीटरवरून बारा-तेरा वेळा थांबण्याइतकी ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते. ती इंजिनाने व हवेने उचलली नाही, तर ब्रेकला उचलावी लागते. १९८० व १९९० च्या दशकांत आलेल्या नव्या मोटारींबरोबर पुढच्या डिस्क सर्वसामान्य झाल्या आणि ही अडचण सौम्य झाली. परंतु उतारावर खालच्या गिअरने मिळणारे संरक्षण कोणत्याही छिद्राने वा खाचेने मिळत नाही.

आणखी एका गैरसमजाचा उल्लेख आवश्यक आहे. ब्रेक लावताना पायाखाली थरथर जाणवली की ‘डिस्क वाकडी झाली’ असे निदान गॅरेजमध्ये सर्रास केले जाते आणि त्यावरून महागडी डिस्क सुचवली जाते. फोर्डच्या शर्यत संघात काम केलेले अभियंते कॅरोल स्मिथ यांनी असे दाखवून दिले की, बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते. पॅडचा पदार्थ तिच्यावर विषम थरांत बसलेला असतो. नवे पॅड व डिस्क बसवल्यावर मध्यम वेगावरून वारंवार, पण पूर्ण न थांबता, ब्रेक लावून ते एकमेकांशी जुळवून घेणे हाच त्यावरील प्रमुख उपाय होय.

रूपाकडून प्रमाणाकडे

ग्राहकाला डिस्कची गुणवत्ता डोळ्यांनी पारखता येत नाही. करड्या बिडातील कार्बनचे प्रमाण, ओतकामाची एकसंधता व पाकळ्यांची जाडी या बाबी छिद्रांसारख्या नजरेत भरत नाहीत. याची दखल घेऊन युरोपात बदली ब्रेक-भागांसाठी असलेल्या ९० क्रमांकाच्या नियमाची व्याप्ती डिस्कपर्यंत वाढवण्यात आली आणि नोव्हेंबर २०१६ पासून नव्याने मान्यता मिळणाऱ्या मोटारींच्या बदली डिस्कसाठी चाचणी व मान्यता आवश्यक झाली. दिसण्याऐवजी प्रमाणित गुणावर भर देणारे हे पाऊल महत्त्वाचे ठरते.

निवडीचे निकषही बदलत आहेत. २०२४ मध्ये संमत झालेल्या युरोपीय संघाच्या युरो-७ नियमावलीने ब्रेकमधून उडणाऱ्या सूक्ष्म कणांना प्रथमच मर्यादा घातली. विजेवरील मोटारीत बराचसा वेग मोटरच आवरते. त्यामुळे डिस्क कमी झिजते, पण कमी वापरामुळे गंजते. फोक्सवॅगनने आयडी-३ या विजेवरील मोटारीच्या मागच्या चाकांना ड्रम ब्रेक बसवले, ही घटना या संदर्भात बोलकी आहे. गंजामुळे क्रॉस्लीने ज्या ड्रमकडे पाऊल वळवले होते, त्याच ड्रमची उपयुक्तता सात दशकांनी नव्या कारणासाठी पुन्हा जाणवली.

निष्कर्ष

१. डिस्कचे प्रत्येक रूप विशिष्ट काळातील विशिष्ट अडचणीतून जन्मले असून त्याची योग्यता ती अडचण टिकून आहे की नाही यावर ठरते.
२. व्हेंटिलेटेड डिस्कमागील उष्णता घालवण्याची गरज आजही कायम आहे. मूळ मोटारीत ती असल्यास बदलताना तीच घेणे योग्य ठरते.
३. छिद्रांच्या डिस्कमागील वायूचे कारण रस्त्यावरील मोटारीपुरते क्षीण झाले असून ओल्या हवेतील मर्यादित लाभाच्या बदल्यात तड्यांचा धोका पत्करावा लागतो. उत्पादकाने मुळातच अशी डिस्क दिली असेल, तर तिची जागा तशाच प्रमाणित डिस्कने घ्यावी व तड्यांची नियमित तपासणी करावी.
४. खाचांची डिस्क शर्यतीच्या मैदानावर किंवा जड वापरात उपयुक्त आहे. सामान्य प्रवासात तिचा लाभ अल्प आणि पॅडची झीज अधिक असते.
५. सामान्य चालकाच्या सुरक्षिततेस डिस्कच्या रूपापेक्षा बिडाची गुणवत्ता, योग्य पॅड, चांगले टायर, वेळेवर बदललेले ब्रेक-तेल आणि उतारावरील गिअरचा वापर यांचा हातभार अधिक लागतो.

समारोप

लँचेस्टरच्या पेटंटपासून आजपर्यंतच्या सव्वाशे वर्षांच्या वाटचालीत ब्रेक-डिस्कची मूळ कल्पना बदललेली नाही. बदलली ती तिच्याकडून असलेली अपेक्षा. शर्यतीच्या संघाने एका दिवसासाठी निवडलेली वस्तू रस्त्यावरील कुटुंबाला कित्येक वर्षे वापरायची असते. त्यामुळे विजयी मोटारीवर काय होते यापेक्षा ते तेथे का होते, हा प्रश्न ग्राहकाने आधी विचारणे हितावह ठरेल. तंत्रज्ञानाच्या इतिहासाचा व्यावहारिक उपयोग येथे स्पष्ट दिसतो. वस्तूच्या रूपामागील कारण तो उजेडात आणतो आणि जे कारण संपले आहे त्यासाठी जोखीम पत्करण्यापासून माणसाला परावृत्त करतो.